मागणीची वही आता खिशात

पेण सोडलं की रोह्याकडे जाणाऱ्या गाडीचं पुढचं स्थानक कासू. त्यानंतर नागोठणं, निडी आणि मग रोहा, जिथून कोकण रेल्वे सुरू होते. रस्त्यानं जाणाऱ्यांना कासू हे नाव वेगळ्याच कारणानं पाठ झालं आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात 'पळस्पे ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर' असे दोन टप्पे पडले आणि एका टप्प्याचा शेवट, दुसऱ्याची सुरुवात म्हणून कासू वर्षानुवर्षं बातम्यांत येत राहिलं. वाचकाच्या दृष्टीनंही हे गाव असंच सांध्यावर आहे. एका बाजूला पेणचं महात्मा गांधी वाचनालय, दुसऱ्या बाजूला रोह्याचं भाटे सार्वजनिक वाचनालय. शहरातला वाचक तिथं चालत जातो. कासू, गडब किंवा नागोठण्याच्या आसपासच्या वाडीतल्या वाचकाला मात्र गाडीची वेळ, वाचनालयाची वेळ आणि आपल्या कामाची पाळी या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. डोलवीच्या पोलाद कारखान्यात किंवा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीनं काम करणाऱ्याला तो मेळ आठवड्यातून एकदा जमला तरी पुष्कळ. आणि एवढं करून दाराशी पोहोचल्यावर कळतं की हवं ते पुस्तक कुणीतरी नेलं आहे, किंवा ते वाचनालयानं कधी घेतलेलंच नाही. दोन वेळा असं झालं की तिसऱ्यांदा तो जात नाही. वाचनालयाला यातलं काहीच समजत नाही. आलेल्या वाचकाची सही हजेरीच्या वहीत असते, नेलेल्या पुस्तकाची नोंद देवघेवीत असते. न आलेल्या वाचकाची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

वाचनालयांनी समाजमाध्यमं कशी वापरावीत, हा प्रश्न इथून विचारायला हवा. समाजमाध्यम म्हटलं की फेसबुकचं पान, रील आणि पसंतीचे अंगठे डोळ्यांसमोर येतात. वाचनालयाच्या कामासाठी ही समजूत फार तोकडी आहे. वाचकाला वाचनालयाशी आणि वाचकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून योजलेलं कोणतंही साधन हे सामाजिक तंत्रज्ञानच. या अर्थानं देवघेवीच्या टेबलावर दोरीनं बांधून ठेवलेली मागणीची वही हे आपल्याकडचं फार जुनं आणि फार चांगलं सामाजिक तंत्रज्ञान. वाचकानं तिच्यात पुस्तकाचं नाव लिहायचं, कार्यकारिणीनं महिनाअखेरीला ती वही पाहायची आणि खरेदी ठरवायची. तिच्या समोरच्या भिंतीवरचा सूचनाफलक हेही साधनच, पण त्याचं बोलणं एकेरी. फोन हाती आला की त्याचा सूचनाफलक करण्याचा मोह फार असतो: जयंतीचा पुष्पहार, ग्रंथप्रदर्शनाच्या फिती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या शुभेच्छा. यात वाईट काही नाही, पण यानं कासूच्या वाचकाचा अर्धा दिवस वाचत नाही. माझं म्हणणं असं की वाचनालयानं फोन हाती घ्यावा तो मागणीच्या वहीसाठी. जो वाचक येऊ शकला नाही त्याचं मागणं ज्या साधनानं ऐकू येतं, ते साधन वाचनालयाच्या कामाचं. बाकीचं सारं दुय्यम.

न येऊ शकणाऱ्या वाचकापर्यंत पोहोचण्याची ही कल्पना नवी नाही. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. त्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात राजधानीत मध्यवर्ती ग्रंथालय होतं, गावोगावी वाचनालयं होती आणि जिथं वाचनालय नव्हतं तिथं पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनोबा शिकायला बडोद्यात राहिले आणि तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात तासन्‌तास वाचत बसत, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. गागोद्याच्या मुलाला एवढी पुस्तकं बडोद्याला गेल्यावरच मिळाली. पेटीची कल्पना नेमकी याच्या उलट, पुस्तकानं गावाला जावं अशी. पुढे १९३१ साली डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. या पाचांपैकी दुसरं, तिसरं आणि चौथं सूत्र वाचून पाहा. ही तिन्ही गाठ घालून देण्याची सूत्रं आहेत. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं विनायक रानडे यांच्या पुढाकारानं २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना चालवली, तीही पेटीचीच. वाचकांच्या एका गटाकडे एक पेटी, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाकडे आणि त्यांची पेटी यांच्याकडे. या पेट्या वसाहतींतून, रुग्णालयांतून, तुरुंगातून फिरल्या आणि दुबईतल्या मराठी कुटुंबांपर्यंतही गेल्या. पेटीचा गुण असा की ती अंतर मिटवते आणि वाचकांचा गट जमवते. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. पेटीत काय भरायचं हे पेटी भरणारा ठरवतो. ज्याला खारभूमीच्या कायद्यावर काही हवं आहे त्याच्या हाती कथासंग्रह पडतो.

पेटीला जे जमत नाही ते फोनला जमतं: निघण्याआधी विचारणं. त्यासाठी फारसं काही लागत नाही. कपाटाच्या प्रत्येक खणाचा, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता येतील असा फोटो काढला की हजारभर पुस्तकांचं वाचनालय दुपारभरात सभासदांच्या हातात जातं. त्यात दर महिन्याच्या नव्या पुस्तकांची यादी आणि दिवाळीनंतर आलेल्या अंकांची मुखपृष्ठं घालावीत. व्हॉट्सॲपवर हे पाठवण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांतला फरक ग्रंथपालानं नीट समजून घेण्याजोगा आहे. गट केला की प्रत्येकाचा संदेश प्रत्येकाला दिसतो आणि प्रत्येकाचा फोन नंबरही. ब्रॉडकास्ट यादी केली की वाचनालयाचा संदेश प्रत्येकाला वेगळा पोहोचतो आणि सभासदाचं उत्तर फक्त वाचनालयाला दिसतं. एका यादीत २५६ जण बसतात आणि एक अट असते: ज्यानं वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच हा संदेश मिळतो. म्हणजे सभासदत्वाचा अर्ज भरून घेताना, वर्गणी आणि अनामत घेतानाच, समोरच्याला नंबर साठवायला सांगणं हे कामच होऊन बसतं. मग कासूहून उत्तर येतं, अमुक पुस्तक मला राखून ठेवा. रोज पेण-रोहा ये-जा करणारा विद्यार्थी किंवा कामगार पाच जणांची पुस्तकं एका पिशवीत आणू शकतो. आणि जे पुस्तक नाही असं उत्तर द्यावं लागलं, तेही वहीत उतरवायचं. महिन्यात तिघांनी एकच पुस्तक मागितलं असेल तर पुढच्या खरेदीत ते घ्यायचं, यासाठी कार्यकारिणीला वेगळा पुरावा नको. पेणनं आणि रोह्यानं आपापल्या याद्या एकमेकांना दिल्या तर मधल्या गावाला दोन वाचनालयांचा मिळून एक साठा होतो. आंतरग्रंथालयीन देवघेव हा शब्द अभ्यासक्रमात नेहमी असतो. कासूसारख्या ठिकाणी त्याला आगगाडीचा पास एवढंच भांडवल पुरतं.

यादी मात्र शोधता आली पाहिजे आणि इथं मराठीचा एक जुना त्रास आडवा येतो. पुष्कळ संस्थांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कष्टानं संगणकावर याद्या केल्या, पण त्या श्रीलिपी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये. त्या काळच्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी अक्षर दिसतं, पण आत साठवलेली खूण रोमन अक्षराची असते. ती यादी फोनवर पाठवली की निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो आणि शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये यादी उतरवणं हे म्हणूनच पहिलं काम. त्यासाठी कोहा नावाची विनामूल्य संगणकप्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ या छोट्या ग्रंथालयानं ती स्वतःच्या गरजेसाठी करून घेतली, २००० सालापासून वापरली आणि सगळ्यांना खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली आहे. पण दोन-चार हजार पुस्तकांच्या गावच्या वाचनालयाला साधा तक्ताही पुरे: दाखल क्रमांक, नाव, लेखक, विषय. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण वाचक नावानं विचारत नाही, गरजेनं विचारतो. आणि त्याचा शब्द नोंदीतल्या शब्दाशी जुळेलच असं नाही. पेण-रोह्याच्या रायगड जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा होतं. १८८३ सालचं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर 'कुलाबा आणि जंजिरा' असं आहे, म्हणजे 'रायगड' हा शब्द टाकून शोधणाऱ्याला ते मिळणार नाही. महामार्गाचंही तसंच. जुन्या कागदांत तो राष्ट्रीय महामार्ग १७ आहे, आता ६६. ही दोन नावं एकाच गोष्टीची आहेत हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं आणि ते ज्याला ठाऊक असतं तो ग्रंथपाल किंवा एखादा जुना वाचक असतो. वाचकानं कोणत्या शब्दात मागितलं ते विषयाच्या रकान्यात लिहीत गेलं तर यादी वाचकांच्या भाषेत वाढत जाते. फोनवरची मागणी इथंही उपयोगी पडते, कारण तिच्यात वाचकाचा शब्द जसाच्या तसा येतो.

जगभरातल्या ग्रंथालयांच्या समाजमाध्यमी यशाची जी उदाहरणं दिली जातात ती या कसोटीवर पारखून घ्यावीत. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, वस्ती बावीस हजारांच्या आसपास. तिथल्या ग्रंथालयाचं ट्विटर खातं त्याच्या खेळकर लेखनामुळे इतकं गाजलं की त्याचे अनुयायी बेटांच्या लोकसंख्येच्या कितीतरी पुढे गेले. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये 'ॲलिस इन वंडरलँड' इन्स्टाग्रामच्या गोष्टींच्या रूपात, पानं उलटावीत तसं वाचायला दिलं. दोन्ही प्रयोग सुंदर आहेत आणि दोन्हींनी ग्रंथालय या शब्दाभोवतीची धूळ झटकली. पण दूर देशातला अनुयायी ऑर्कनीच्या कपाटातलं पुस्तक नेणार नाही. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाकडे असा प्रयोग उभा करायला जाहिरात संस्था होती. पेण किंवा रोह्याच्या वाचनालयानं त्यांची नक्कल करू नये, कारण त्याची गरजच वेगळी आहे. दहा हजार अनोळखी अंगठ्यांपेक्षा खाडीकाठच्या खारेपाटातल्या चाळीस सभासदांची चाळीस मागणीपत्रं वाचनालयाच्या कामाची आहेत.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत भावनेनं घेतला जाणारा: फोननंच वाचन संपवलं, मग वाचनालयानं त्याच्याच दाराशी का जावं? यातला पहिला भाग मी नाकारत नाही. संध्याकाळचा एक तास एकच असतो आणि तो एकतर कादंबरीला मिळतो किंवा रीलला. पण म्हणूनच वाचनालयाच्या संदेशाचा स्वभाव वेगळा असायला हवा. 'तुम्ही मागितलेलं पुस्तक आलं आहे, शनिवारपर्यंत राखून ठेवतो' हा संदेश वाचायला पाच सेकंद लागतात आणि तो माणसाला फोनपासून उठवून पुस्तकाकडे नेतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, वाचनालयांची दारं बंद झाली आणि राज्यात ती ऑक्टोबरपर्यंत उघडली नाहीत. त्या सहा-सात महिन्यांत ज्या वाचनालयाकडे सभासदांचे नंबर होते ते निदान त्यांच्याशी बोलू शकत होतं. ज्याच्याकडे फक्त सूचनाफलक होता त्याचा फलक बंद दाराच्या आत राहिला. शिवाय ज्यांना लिहिण्याचा सराव नाही, ज्यांचं बोलणं आगरी किंवा कातकरी वळणाचं आहे, त्यांना मागणीच्या वहीत शुद्ध मराठीत नाव लिहिण्याचा संकोच वाटतो. आवाजी संदेशात तो वाटत नाही. 'शेळीच्या रोगावरचं काही हाय का' असं विचारता येणं ही वाचनालयाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार महाराष्ट्रात बारा हजारांच्या आसपास शासनमान्य वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांतली. २०२२ मध्ये परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झालं. म्हणजे महिन्याला चार हजार रुपये. त्यात ग्रंथपालाचं मानधन, पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि विजेचं बिल. एवढ्यावर काम करणाऱ्या माणसाला रात्री दहा वाजता सभासदाच्या संदेशाला उत्तर द्यायला सांगणं अन्याय आहे आणि तंत्रज्ञानाच्या नावाखाली हा अन्याय सहज खपून जातो. म्हणून नंबर वाचनालयाचा हवा, ग्रंथपालाचा स्वतःचा नको. संदेशांना उत्तर देण्याची वेळ वाचनालयाच्या वेळेतलीच हवी आणि ती दारावर लिहिलेली हवी. अभ्यासिकेत पोलीस भरतीचा किंवा लोकसेवा आयोगाचा अभ्यास करणारी मुलं यादी टंकलिखित करायला मदत करू शकतात, पण तीही मोफत मजूर नव्हेत. त्यांची वर्गणी माफ करावी. खरा बदल व्हायला हवा तो वार्षिक अहवालात. अहवालात ग्रंथसंख्या मोजतात, सभासद मोजतात, नियतकालिकं मोजतात. किती मागण्या आल्या आणि किती पुरवल्या, असा एक रकाना त्यात आला तर या कामाला काम म्हणून किंमत येईल. २०१२ साली झालेल्या वाचनालयांच्या पडताळणीनंतर नव्या वाचनालयांना मान्यता मिळणं दीर्घकाळ थांबलं होतं. जिथं वाचनालय नाही आणि लवकर होण्याची चिन्हंही नाहीत, तिथल्या वाचकासाठी शेजारच्या शहरातलं वाचनालय, एक पिशवी आणि एक फोन नंबर हीच व्यवस्था उरते.

तिसरा आक्षेप गटांच्या स्वभावाचा. व्हॉट्सॲपचा गट केला की दोन दिवसांत त्यात शुभ सकाळ, राजकारण आणि भांडणं येतात. बाईनं गटात नाव नोंदवलं की तिचा नंबर गावभर होतो. हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे आणि ब्रॉडकास्टची रीत मी आधी सुचवली ती यासाठीच. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती बहुतेक गावांत पुरुषच बसलेले असतात. बायका मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती पुस्तक मागवतात आणि मग तोच ठरवतो काय आणायचं. केरळमध्ये ग्रंथालय परिषदेशी जोडलेल्या वाचनालयांतून स्त्रियांना आणि वृद्धांना घरपोच पुस्तकं देण्याची योजना चालते. पुस्तक घेऊन दारात बहुधा बाईच येते. आपल्याकडे तेवढी यंत्रणा नसेल, पण ज्या मागणीला फक्त ग्रंथपाल साक्षी आहे ती मागणी बाई मोकळेपणानं करू शकते. आरोग्यावरचं, कायद्यावरचं, वारसाहक्कावरचं पुस्तक चारचौघांच्या वहीत कुणी लिहीत नाही. त्यामुळे कुणी काय मागितलं हे वाचनालयानं कुणालाही, कार्यकारिणीच्या सदस्यालाही, दाखवता कामा नये; वहीत पुस्तकाचं नाव उतरावं, माणसाचं नको. अफवांबद्दल तर अधिक गंभीरपणे बोललं पाहिजे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच भटक्या माणसांना ठार मारलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक जणांकडे पुढे पाठवण्यावर बंधन आणलं. बंधनानं वेग कमी होतो, खरंखोटं कळत नाही. ते सांगणारं, कुणाच्याही पक्षाचं नसलेलं एखादं ठिकाण गावाला हवं असतं. पुराच्या पाण्याबद्दल, भूसंपादनाच्या नोटिशीबद्दल, एखाद्या भरतीच्या जाहिरातीबद्दल आलेला संदेश खरा आहे का, असं वाचनालयाला विचारावं आणि त्यानं मूळ शासकीय कागद शोधून त्याचा फोटो पाठवावा, हे संदर्भसेवेचंच काम आहे. संदर्भ विभागातला ग्रंथपाल पूर्वीपासून हेच करतो.

चौथी गोष्ट आक्षेपापेक्षा धोक्याची. सभासद पुस्तक मागतो तेव्हा त्याला अनेकदा पीडीएफ हवी असते आणि टेलिग्रामवर चालू लेखकांच्या पुस्तकांच्या चोरीच्या प्रती सहज मिळतात. वाचनालयानं त्या एकदाही पुढे पाठवू नयेत. कायद्याचा भाग तर आहेच, पण मराठी लेखक आणि प्रकाशक ज्या तुटपुंज्या खपावर जगतात त्यात वाचनालयांची खरेदी हा मोठा आधार आहे आणि तो वाचनालयानंच काढून घेणं बरं नव्हे. कायदेशीर वाट अरुंद असली तरी बंद नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो, मग ते लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांचं साहित्य मुक्त आहे. विनोबा १९८२ साली गेले, त्यांच्यासाठी अजून थांबावं लागेल. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला परवानगी दिली आहे; ती परवानगी जतनापुरतीच आहे, वाटपासाठी नाही. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांचं काय, हेही विचारलं जातं. त्यांच्यासाठी टेबलावरची वही आणि फिरती पेटी राहिलीच पाहिजे. व्हॉट्सॲप ही एका कंपनीची मालमत्ता आहे, ती उद्या नियम बदलेल, म्हणून मागण्यांची आणि पुस्तकांची मूळ नोंद वाचनालयाच्या स्वतःच्या तक्त्यात असावी.

मागणी ऐकण्याच्या या व्यवस्थेला आणखी एक बाजू आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. एकदा वाचक बोलू लागला की तो मागतोच असं नाही, सांगूही लागतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जानेवारी २००८ मध्ये तीन हजारांवर जुने फोटो फ्लिकरवर ठेवले आणि लोकांना त्यांवर काहीही लिहायची मुभा दिली. पहिल्या दहा महिन्यांत ६७ हजारांहून अधिक खुणेचे शब्द (टॅग) जमले आणि लोकांनी सांगितलेल्या माहितीवरून ग्रंथालयानं पाचशेवर फोटोंच्या अधिकृत नोंदी सुधारल्या. गल्ली कुठली, इमारत कुठली, माणूस कोण, हे तिथल्या तज्ज्ञांना ठाऊक नव्हतं. ज्यांच्या आजीच्या घराचा तो फोटो होता त्यांना ठाऊक होतं. पेण-रोह्याच्या पट्ट्यात असं कितीतरी ठाऊक असलेलं माणसांबरोबर चाललं आहे. खारेपाटात समुद्राचं पाणी अडवणारे बांध कुणी, कसे घातले, बांधातल्या उघाडीची दारं कधी उघडायची आणि कधी मिटायची, बांधाला खांड पडली की सगळं गाव कसं धावायचं, मिठागरातल्या अवजारांना काय म्हणत, हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत मातीपासून रंगापर्यंत कोणते शब्द चालतात, हे कुठल्याही एका पुस्तकात सापडत नाही. पेणच्या गणेशमूर्तींना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कामाची शब्दावली मात्र अजून कारागिरांच्या तोंडीच आहे. रेल्वे १९८६ साली आपट्याहून रोह्यापर्यंत आली, तेव्हा कासूच्या स्थानकाची जमीन कुणाची होती हे सांगणारी माणसं आज सत्तरीत असतील. वाचनालयानं महिन्याला एक जुना फोटो किंवा एक शब्द सभासदांना पाठवावा आणि विचारावं: हे काय, कुठलं, कुणाला माहीत आहे? कातळाच्या किंवा चिखलाच्या नावांसारखी साधी गोष्टही चालेल. उत्तरं आवाजात येतील, काही एकमेकांशी जुळणार नाहीत. न जुळणारीही ठेवावीत, सांगणाऱ्याच्या परवानगीनं, तारीख घालून. मग त्या आवाजी उत्तरांना पुस्तकासारखाच दाखल क्रमांक द्यावा आणि विषयाच्या रकान्यात सांगणाऱ्यानं वापरलेला शब्द लिहावा, म्हणजे उद्या रोह्यातलं कुणी 'उघाडी' असं टंकून शोधेल तेव्हा कासूच्या माणसाचा आवाज त्याच्या कानी पडेल.